नानांच्या गाडीचा नवा दिवा

पिंप्राळ्यातून निघायला आठ वाजले आणि मी साडेसहापासून पायात बूट घालून अंगणात येरझाऱ्या घालत होते. नानांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, काही केल्या आवरेना. अंघोळ, पूजा, चहा, मग परत चहा. "धुळं कुठं पळून चाललंय का?" ते म्हणाले. धुळं नव्हतं चाललं, पण माझी रजा चालली होती. पुण्याहून दोन दिवसांसाठी आलेल्या माणसाला स्वस्थ बसवत नाही.

प्रवासाचं कारण सांगते. नाना महिन्यातून एकदा मोटरसायकलने धुळ्याला, आपल्या थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे जातात. त्यांचं वय बहात्तर, गाडी वीस वर्षांची. गेल्या महिन्यात दिवेलागणीला परतताना ते रस्त्याच्या खोदकामात गाडीसकट उतरले. गुडघा फुटला. आई म्हणाली, गाडी विका. नाना म्हणाले, "डोळे ठणठणीत आहेत माझे, दिवाच मिणमिणतो." मला ते लगेच पटलं. मी एलईडीचा दिवा मागवला आणि काल दुपारी मोबाईलवर व्हिडिओ बघत स्वतः बसवला. व्हिडिओतल्या माणसाने हॉर्नच्या वायरीतून जोड घेतला, मीही घेतला. दिवा असा लख्ख पेटला की शेजारच्या काकू बाहेर आल्या. आईशी करार झाला. आज धुळ्याला जायचं, अंधार पडता पडता परत यायचं. नानांना नीट दिसलं तर गाडी राहील, नाहीतर विकायची.

मलाही मोटरसायकल चालवता येते, पण नाना पुढे, मी मागे. बांभोरीच्या पुलाखाली गिरणा जेमतेम वाहत होती. केळीच्या बागा मागे पडल्या आणि धरणगावनंतर दोन्ही बाजूंना कापूस लागला. वेचणीच्या बायका ओच्यात कापूस भरत होत्या. मी दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होते. नाना कुत्रा दिसला की हॉर्न, बैल दिसला की हॉर्न, कोणीच नाही दिसलं तरी हॉर्न. नव्या दिव्याचं कौतुक म्हणून तो भर उन्हात चालूच ठेवलेला. अमळनेर पाच-सहा किलोमीटरवर असेल, तेवढ्यात जळका वास आला, हॉर्न गप्प झाला आणि दिवाही गेला. गाडी मात्र चालत होती.

"झालं तुझं शिक्षण," नाना म्हणाले. मी चिडले, स्वतःवरच. चूक माझीच होती ना!

अमळनेरला शिरता शिरता भटू मिस्त्रींचं गॅरेज लागलं. पन्नाशीचे, कानावर पेन्सिल. त्यांनी जोड उघडून पाहिला आणि हसू दाबत म्हणाले, "ताई, हॉर्ननी वायरवर दिवा? तेले झेपस का?" (हॉर्नच्या वायरीवर दिवा? तिला झेपतं का?) फ्यूज उडालेला, वायरीचं वेष्टण वितळलेलं. त्यांनी नवी वायर थेट बॅटरीपासून ओढली, मध्ये भार झेलणारा रिले आणि वेगळा फ्यूज टाकला. तासभर गेला. मी तीन चहा प्यायले आणि चौथ्यांदा "झालं का?" विचारलं. "बठ्ठं व्हयनं," (सगळं झालं) मिस्त्री म्हणाले, "पन दिवा अजून लावाना शे." (दिवा अजून लावायचा आहे.)

दिवा लावणं म्हणजे त्याचा रोख ठरवणं. गाडी आतल्या अंधाऱ्या खोलीत नेली आणि शटर खाली ओढलं. समोरच्या भिंतीवर कोळशाची आडवी रेघ होती. उजेडाची वरची कड त्या रेघेवर आली पाहिजे. "मांगे कोन बसस?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी. मग नानांच्या मागे मलाही बसवलं. मागे माणूस बसला की गाडीचं तोंड वर होतं आणि समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जातो, म्हणून इथे रिकाम्या गाडीवर दिवा लावत नाहीत. मिस्त्री स्क्रू फिरवत दिव्याशेजारी उकिडवे बसले, भिंतीकडे पाठ करून. कड रेघेवर आली की चालवणाऱ्याने सांगायचं.

"थांब," नाना म्हणाले. "आली."

मी त्यांच्या खांद्यावरून पाहत होते. उजेड रेघेच्या दोन वीत वर होता. मिस्त्रींनी वळून पाहिलं, मग नानांकडे पाहिलं.

"नाना, रेघ कुठाय?" मी विचारलं.

त्यांनी बोट दाखवलं ते भिंतीवरच्या तेलाच्या डागाकडे. एवढा लख्ख दिवा आणि माझ्या वडिलांना हातभर लांबीची कोळशाची रेघ दिसत नव्हती. मिस्त्री उगाच स्क्रूड्रायव्हर पुसत राहिले.

नाना सावकाश उतरले. मला वाटलं आता भांडतील, भिंतीला नावं ठेवतील. ते मागच्या सीटकडे आले आणि मला म्हणाले, "सरक पुढं, बाई." मग मिस्त्रींना म्हणाले, "मी मांगे बसस. दिवा तसा लाव."

मिस्त्रींनी स्क्रू पहिल्यापासून फिरवला. या वेळी "थांबा" मी म्हणाले.

धुळ्याला अक्काने कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाच्या पिठाची) आणि ठेचा वाढला. गाडी मी चालवत आले हे ऐकून ती नानांना म्हणाली, "बरं झालं बा. दर येळी तू घरी पोचला का नही, याचाच घोर ऱ्हास मले." (घोर राहतो मला.) सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं नानांनी तिच्यासमोर कबूल केलं.

परतताना सूर्य बुडाला. नाना मागून सांगत होते, "आता वळण, मग मोरी, डावीकडे खड्डा." सगळं बरोबर. फक्त एक नवा गतिरोधक त्यांनी सांगितला नाही, त्यावर आम्ही दोघं उडालो. तेव्हा मला उमगलं की इतके महिने ते आठवणीवर गाडी चालवत होते. रडू आलं आणि रागही आला, त्यांचा आणि त्याहून जास्त माझा.

घरी आई दारातच होती. नाना तिला म्हणाले, "दिवा एक नंबर आहे." गाडीची किल्ली त्यांनी मागितली नाही. आत जाता जाता थांबले.

"पुढच्या महिन्यात कधी येशील? अक्काला सांगून ठेवतो."

लग्नानंतरच्या वीस वर्षांत त्यांनी मला हे कधी विचारलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मी तो दिवा मला यावं लागू नये म्हणूनच आणला होता.

"दुसऱ्या शनिवारी," मी म्हणाले.