लग्नाच्या पन्नाशीचं कॉबलर

माझ्या सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, त्या दिवशी मी आंब्याचं कॉबलर केलं होतं. त्याची आठवण झाली की आजही तोंडाला पाणी सुटतं. ओकारी येण्याआधी सुटतं, ते पाणी.

मी पेणला राहतो, डोलवीला कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो. टाळेबंदीत घरी बसून बसून बेकिंगचा नाद लागला. आधी केक, मग पाव, आणि मग हे कॉबलर. खाली फळांच्या फोडी साखरेत घोळवून पसरायच्या, वर मैदा, लोणी आणि दह्याचं सैलसर पीठ चमच्याचमच्यानं सोडायचं आणि ओव्हनमध्ये भाजायचं. सासूबाईंनी ते एकदा आमच्याकडे खाल्लं होतं. म्हणून कार्यक्रम ठरल्यावर त्यांचा बायकोला फोन आला. "जावयांना सांग गो, तो फळांचा केक हितंच येऊन करा. आंबे आपले घरचे हायत."

सासरवाडी रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात. मांडीवर ओव्हन घेऊन मी पेणहून रोह्याला गाडीनं गेलो. कौतुकच वाटत होतं स्वतःचं.

जून अर्धा सरला होता. सासऱ्यांनी परसातल्या झाडाचे शेवटचे आंबे पेंढ्यात घालून मुद्दाम राखले होते. वरून पिवळेधमक, देखणे. एखाद्यावर टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका, बस. सात-आठ आंबे मी भराभर सोलून फोडी पातेल्यात टाकल्या. पुढचा आंबा कापला तर सुरी मऊ कशात तरी गेली. कोयीभोवतीचा गर तपकिरी, पाणचट झाला होता आणि त्यात तांदळाच्या कणीएवढ्या पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. एकीनं अंगाचं वेटोळं केलं आणि टुणकन उडी मारून माझ्या मनगटावर आली.

मी हात झटकला. सुरी खाली पडली. मग पातेल्यात वाकून पाहिलं, तर तिथल्या फोडीही हलत होत्या.

आवाज ऐकून सासूबाई आत आल्या. मी म्हटलं, "आई, हे सगळं टाकायला लागेल. मी पटकन बाजारातून सफरचंदं घेऊन येतो."

त्यांनी आधी दार लोटून घेतलं. "टाकता कुठं? तेवढा भाग काढायचा. पावसाच्या आंब्यात असतातच."

"अहो, फोडींमध्ये गेल्यात त्या."

"ओव्हनात काय जितं ऱ्हातंय? काय नाय होत." आणि त्या खाली बसल्या, पातेलं पुढ्यात ओढलं आणि बोटांनी अळ्या वेचायला लागल्या. वेचलेली अळी अंगठ्यानं टिचकी मारून मोरीत उडवायच्या. चिकट बोटं पातेल्याच्या काठाला पुसायच्या आणि पुन्हा आत हात घालायच्या. मला बघवत नव्हतं आणि नजरही हटत नव्हती.

"ह्यांना कळता नये," त्या मान वर न करता म्हणाल्या. "आठ दिवस राखलेत त्यांनी. आणि बाहेर सांगू नका कुणाला, समजलं का?"

मी मान डोलावली. त्याच वेळी पातेलं उचलून परसात ओतायला हवं होतं. पण मी जावई, कार्यक्रम त्यांचा, बाहेर पाहुणे जमायला लागलेले. मी फोडींवर साखर घातली. साखर लागताच न सापडलेल्या दोन अळ्या तळमळत वर आल्या. त्या चमच्यानं काढल्या आणि बाकीच्यांवर, असतील त्यांच्यावर, मी पीठ सोडलं.

भाजताना वास फार छान सुटला. लोणी, आंबा, वरून भुरभुरलेली दालचिनी. बाहेरून एकेक जण येऊन डोकावून जाऊ लागला. "काय घमघमाट सुटलाय!" काचेतून कडेनं रस उकळताना दिसायचा आणि त्यातला प्रत्येक बुडबुडा मला हललेला वाटायचा.

जेवणं झाल्यावर वाट्या भरल्या. सासऱ्यांनी पहिला चमचा खाल्ला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आपल्या झाडाचा आंबा हाय, चव बघा!" लोक बोटं चाटत होते. मेहुणा वाटीच्या तळाचा रस पीत होता. मला त्या सगळ्यांची, त्यांच्या हनुवटीवरच्या ओघळांची किळस येत होती, आणि त्यांचा काहीच दोष नव्हता.

मी रिकाम्या हातानं उभा आहे हे कुणाच्या तरी ध्यानात आलं. "जावयांना भरवा की!" हसाहसी झाली. सासूबाई चमचा भरून पुढं आल्या. त्यांनी माझ्या डोळ्यांत सरळ पाहिलं. "घ्या."

मी तोंड उघडलं. काहीतरी मऊ, कोमट दाताखाली आलं. आंब्याचा रेषा असेल. मी तो घास न चावता गिळला, हात धुण्याच्या निमित्तानं परसात गेलो आणि केळीच्या बुंध्याशी सगळं जेवण ओकलो.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत बायकोनं पिशवीतून स्टीलचा डबा काढला. "आईनं उरलेलं दिलंय. खाणार?"

मी डबा तिच्या हातातून घेतला आणि तिला सगळं सांगितलं.

"मी दोन वाट्या खाल्ल्या," ती म्हणाली. "तुमच्यासमोर खाल्ल्या."

"आई म्हणाल्या, कुणाला सांगू नका."

"आणि त्या 'कुणा'त मी पण आले?" तिनं तोंडावर पदर धरला आणि खिडकीकडे वळली. नागोठणं गेलं, कासू गेलं, पेण आलं तरी तिनं पदर काढला नाही.

घरी पोचल्यावर तिनं आईला फोन लावला. पलीकडचं मला स्पष्ट ऐकू येत होतं. "मग? कुणाचं पोट दुखलं का?"

कुणाचंही दुखलं नव्हतं. बायकोनं फोन ठेवला, डबा कचऱ्यात रिकामा केला आणि तीनदा घासला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आईचं सोडा. ती आधीपासून तशीच आहे. तुमच्या हातचं मात्र काही दिवस मला खाववणार नाही."

सहा महिने तिनं माझ्या हातचा चहासुद्धा घेतला नाही.