सिलिंडरवरचा आकडा

काल बँकेचा ओटीपी आला, ५१२५१२, आणि मला एकदम फिनाईलचा वास आला.

नव्वदीतलं बडोद्याचं इस्पितळ. माझे वडील, आबा, गणिताचे मास्तर. तेच तीन आकडे लागोपाठ दोनदा लिहिले की त्या संख्येला सात, अकरा आणि तेरा या तिघांनीही पूर्ण भाग जातो, हे त्यांचं लाडकं. खाटेजवळच्या सिलिंडरवर ३८४३८४ होतं. "करून बघ," ते म्हणाले.

मी बाहेर बाकावर बसले. आधी सातने भागलं, आलेल्याला अकराने, मग तेराने. तेवढ्यात दादा दारात आला.

"आबा गेले."

"बरोबर होतं त्यांचं," मी म्हटलं. "तेराने भागल्यावर परत तीनशे चौऱ्याऐंशीच आले."

नर्सने मला खाली बसवायला माझा हात धरला. "बेन, बेसो."

उत्तर सांगायला मी आत निघाले होते.