मूर्तिजापूरला अडलेला वार

माझी नात एक खेळ चालवते. टेबलावर नकाशा पसरायचा, प्रत्येकाने एक योद्धा नाहीतर चेटकीण व्हायचं, फासे टाकून राक्षस मारायचे. त्यात आमच्या घरचा एक नियम आहे. खेळणारा "मारून राहिलो" म्हणाला की वार सुरू झाला आणि तो चालू असेपर्यंत त्याला मंत्र जोडता येतो. मंत्र पूर्ण झाला की फासा टाकायचा. पण "मारलं" म्हटलं की वार संपला, मग मंत्र पुढच्या पाळीला.

हा नियम माझ्या नातवाने केला, तिच्या मोठ्या भावाने. मी चौथी शिकलेली. पण खेळ दर रविवारी दुपारी अमरावतीच्या आमच्या घरात चालायचा, म्हणून मला सगळं पाठ झालं.

मंत्राला मी आधीच हरकत घेतली होती. सासऱ्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून या घरात मंत्रतंत्र, अंगारे, उतारे चालत नाहीत. नातू म्हणाला, मग स्टेशनं म्हणू. त्याचे आजोबा बडनेऱ्याला रेल्वेत होते, मोठी स्टेशनं घरात सगळ्यांना येत. बडनेरा, कुरूम, माना, मूर्तिजापूर, काटेपूर्णा, बोरगाव, अकोला. एका दमात अकोला गाठलं की तलवारीला आग लागली. त्याची सोंगटी म्हणजे आजोबांच्या कोटाचं पितळी बटण.

त्या रविवारी समोर दगडाचा राक्षस होता. नातू "मारून राहिलो" म्हणाला, बडनेऱ्याहून सुटला आणि मूर्तिजापूरला त्याचं लक्ष घड्याळाकडे गेलं. अकोल्याला नोकरीवर परत जायची गाडी होती. वार चालू आहे, नकाशाला कोणी हात लावायचा नाही, असं दारातून बजावून तो गेला.

पुढच्या रविवारी तो मोटरसायकलने निघाला. फोनवर म्हणाला, "आजी, येऊन राहिलो." काटेपूर्णाजवळ त्याला ट्रकने उडवलं.

भूत मी मानत नाही. पण तो नकाशा टेबलाच्या टोकाला तसाच राहिला. तिकडे कोणी ताट ठेवत नसे. पुसताना मीही बटणाच्या भोवतून फडकं फिरवायची. दुपारी वीज जाऊन पंखा थांबला की दम रोखून धरलेलं माणूस खोलीत असावं तसं वाटे. कानात आवाज येतात का, घरच्यांनी मला दाखवलं त्या डॉक्टरने विचारलं. आवाज येत नव्हता, तीच तर गोष्ट होती. मूर्तिजापूरच्या पुढचं स्टेशन येत नव्हतं.

मग नातवाच्या मित्राला पुण्यात नोकरी लागली. कापड दुकानदाराचा मुलगा, पहिल्यापासून खेळणारा. जाण्याआधी जुना डाव संपवू म्हणाला. खेळाच्या नियमांच्या पुस्तकाप्रमाणे वार आणि मंत्र एका पाळीत होतच नाहीत. मंत्र सोडून देऊ, नुसता फासा टाक, असं त्याने नातीला सांगितलं.

"फासा पडला की दादाची पाळी संपली," ती म्हणाली. "मी नाही टाकत."

"यार, कब तक मारून राहीन तो?" मित्र म्हणाला.

ज्याने मंत्र सुरू केला त्यानेच संपवायचा, हा दादाचा नियम आहे, असं ती धरून बसली. मी भाजी तशीच टाकून उठले.

"नियम त्याचा, घर माह्यं," मी म्हटलं. "बाकीचा मंत्र म्हनून राहिली मी. फासा तू टाक."

बटणावर बोट ठेवलं. काटेपूर्णा म्हणताना दम पुरेना, पण तोडला नाही. बोरगाव. अकोला.

तिने फासा टाकला. दोन पडले. तलवारीला आग लागली, पण वार चुकला.

"दादाचा नेहमीच चुकायचा," ती म्हणाली.

मग राक्षसाची पाळी आली. खेळ चालवणारी तीच, म्हणून राक्षसही तिलाच खेळावा लागला. तिने भावाला सोडलं नाही. बटण आडवं केलं आणि तोंड धुवायला गेली.

ते बटण मी कोटाला परत शिवलं. टेबलाच्या त्या टोकाला आता ताट ठेवतो. पण कोणी फोनवर "येऊन राहिलो" म्हटलं की मी विचारते, कुठवर आला? गावाचं नाव सांगेपर्यंत फोन ठेवू देत नाही.