मुका शिमगा

लग्न होऊन मी अलोऱ्याच्या कॉलनीतून सासरी आले तेव्हा, भूकंप म्हणजे जणू मी माहेरून आंदण आणलेली वस्तू आहे, अशा थाटात सगळे माझ्याशी बोलायचे. वडील कोयना प्रकल्पात नोकरीला होते. मांडणीवरची भांडी वाजली की आई हातातलं काम न सोडता "गेला" म्हणायची, एवढीच आमची भूकंपाची भीती. सासरचं गाव त्या बाबतीत तसं गरीब. गावापासून थोड्या अंतरावर गरम पाण्याचं कुंड होतं, त्याला सगळे उन्हाळं म्हणत, आणि त्या बाजूला अधूनमधून जमीन पोटातल्या पोटात गुरगुरायची. "वाफ हाय ती," असं म्हणून माणसं पुन्हा कामाला लागायची.

ऐंशी सालानंतरची गोष्ट आहे. या वाफेवर वीज करता येईल का हे बघायला सरकारी माणसं आली. त्यासाठी म्हणे जमिनीखाली बारीक धक्के नक्की कुठे बसतात ते आधी कळायला हवं होतं. कुंडाभोवतीच्या तीन गावांत त्यांनी तीन मशीनं बसवली. आमच्या गावातलं मशीन आमच्या गोठ्यात आलं, कारण गोठा अस्सल कातळावर होता आणि म्हैस नुकतीच विकली होती. मी बारावी सायन्स झालेली, म्हणून ते सांभाळायचं काम मला मिळालं.

काम सोपं पण काळं होतं. रॉकेलच्या दिव्यावर कागद धरून त्याला काजळी चढवायची, तो कागद डब्याएवढ्या गोल ड्रमवर गुंडाळायचा आणि त्यावर सुई टेकवायची. ड्रम दिवसभर हळूहळू फिरायचा, सुई काजळी खरवडत पांढरी रेघ काढायची आणि जमीन हलली की रेघ थरथरायची. दुसऱ्या दिवशी कागद काढून स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेत बुडवायचा, म्हणजे काजळी पक्की बसायची. रेडिओच्या पिप्-पिप्‌वर घड्याळ लावायचं. सासूबाई म्हणायच्या, "लोकांच्या सुना डोळ्यात काजळ घालतात, आमची कागदाला घालते." माझ्या नाकावरसुद्धा काजळी असायची, त्यामुळे उलट बोलायची सोय नव्हती.

थोड्याच दिवसांत मला कागद वाचता यायला लागला. एसटी आली की रेघ कशी फुगते, शेजारी मुसळ पडलं की कसे टोकदार दात येतात, खाणीतला सुरुंग कसा एकदम येऊन एकदम संपतो, सगळं कळायचं. खरा धक्का वेगळा. आधी एक बारीक थरथर, मग जरा थांबून दुसरी, मोठी, आणि मग ती हळूहळू विरत जाणारी. तो दिसला की मला उगाच आनंद व्हायचा.

माझ्याइतकाच त्या मशीनमध्ये रस असणारा घरात दुसरा माणूस म्हणजे माझे सासरे. त्यांना मी मामा म्हणायचे. मशीन त्यांच्या लेखी पाहुणा होता. गोठ्याजवळून जाताना ते पाय न वाजवता जायचे आणि कोणी लाकडं फोडायला लागलं तर लांबूनच हात हलवून थांबवायचे. मी सांगायचे, एवढं नका करू हो, लाकडं फोडलेली मला ओळखता येतात. ते म्हणायचे, "आपल्या घरात ठेवलाय ना तो? मंग तरास कशाला त्याला?"

या मामांची गावात ओळख वेगळीच होती. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी आमच्या वाडीतल्या सहाणेवर, म्हणजे देव टेकवायच्या दगडी चौथऱ्यावर, यायची. टेकवण्याआधी तिथेच ती नाचवायची, गावात दुसरीकडे कुठे नाही. पुढच्या दांडीच्या डाव्या खांद्याचा मान आमच्या घराचा. खांदा कोणीही देईल, पण मामांची चाल कोणाला जमायची नाही. गुडघा वाकवून ते वजन खाली घ्यायचे, डावा पाय मागे टाकून अर्धं वळायचे, आणि पालखी अशी झुलायची की तिला माणसं नाचवतायत हे विसरायला व्हायचं. दांडी कधी खांद्यावर आपटायची नाही. ही चाल त्यांना त्यांच्या वडिलांनी दिली होती. आणि ती द्यायची रीत एकच होती. पालखीत देव बसलेला असताना, ढोल वाजत असताना, बापाने नाचता नाचता मुलाला आपल्या जागी घ्यायचं आणि त्याच्या पाठीला पाठ लावून थोडा वेळ नाचायचं. रिकाम्या दांडीवर अंगणात शिकवणं म्हणजे देवाची थट्टा समजत.

आमचे हे मुंबईला छापखान्यात होते. त्यांना गणपतीला रजा मिळायची, शिमग्याला नाही. वर्षांमागून वर्षं तशीच गेली. तोवर मामांना दमा लागला होता. मशीन आलं त्या वर्षी मात्र यांनी कसंतरी करून शिमग्याची रजा मिळवली. यांचं पत्र आलं त्या दिवशी मामा गावभर फिरून आले. "आता औंदा पोराला खांदा देतो आणि मी मोकला," असं प्रत्येकाला सांगून आले.

आणि नेमके शिमग्याच्या आधी धक्के वाढले. माणसांना जाणवतील असे नव्हते, पण कागदावर रोज दिसत होते. साहेब जीप घेऊन आले. ते नागपूरकडचे, माणूस सज्जन. कागद बघून खूश झाले. "बाई, फार छान येऊन राहिले. हे दिवस सोन्याचे आहेत. जितकी शांतता, तितकं बरं." मग चहाचा कप खाली ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, इथे आता काही कार्यक्रम वगैरे आहे का. मामा म्हणाले, "शिमगा हाय." साहेब उठत म्हणाले, "मग जरा शांततेत झालं तर बरं होईल," आणि जीपमध्ये बसून गेले.

मला वाटतं, साहेबांच्या मनात ट्रक आणि लाउडस्पीकर असतील. आपण "जपून जा" म्हणतो, तसं ते म्हणाले. पण घरात चहा प्यायलेल्या माणसाचा शब्द मामांनी कधी हलका धरला नव्हता. सहाण आमच्या गोठ्याला लागून. तिथे पालखी नाचली की मशीनला दुसरं काही ऐकू येणार नाही, हे त्यांना माझ्याकडूनच रोज ऐकून पाठ झालं होतं.

मानकऱ्यांच्या बैठकीत त्यांनी स्वतःच विषय काढला. जोरदार भांडण झालं. "मशीन मोठा का देव मोठा?" एकाने विचारलं. मामा म्हणाले, "देवालाच इचारू." गुरवाने देवाला कौल लावला आणि कौल उजवा आला, म्हणजे औंदा न नाचता, ढोलाशिवाय यायला देवाची हरकत नव्हती. मला त्या दिवशी देवाचा राग आला, अजूनही थोडा आहे.

मुंबईहून आल्यावर यांना हे कळलं, तेव्हा हे बापाशी जेवणाच्या पानावरून उठेपर्यंत भांडले. "बाबा, मी रजा काढून काय बघायला आलो? देव चालत येताना?" मामा भात कालवत म्हणाले, "फुडल्या वर्षी घे ना खांदा. मी काय पळून जातोय?" त्यांना बोलताना धाप लागत होती, ती त्या पडवीत बसलेल्या सगळ्यांना ऐकू येत होती.

पालखी आली ती दुपार कलल्यावर. ढोलवाले ढोल गळ्यात घालून नुसतेच पुढे चालत होते. शिमग्यात देवाच्या नावाने घालायच्या फाका नाहीत, आरोळ्या नाहीत. लोकांनी वहाणा वाडीच्या तोंडाशी काढून ठेवल्या होत्या आणि बायका पोरांच्या तोंडावर हात ठेवून उभ्या होत्या. एवढी माणसं आणि एवढी शांतता मी फक्त मयताला बघितली होती. मामांनी खांदा दिला, हे त्यांच्या मागे उभे राहिले. सहाणेसमोर आल्यावर मामांचा गुडघा सवयीने वाकला. पालखी एकदाच हलली. लगेच त्यांनी पाय सरळ केला आणि देव नेऊन टेकवला.

दुसऱ्या दिवशी मी कागद काढला. तसा कागद मी त्याआधी बघितला नव्हता. काळ्याभोर काजळीवर स्वच्छ रेघा आणि त्यांत एकामागून एक धक्के. मामा दारातून वाकून बघत होते. "आलं काय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आलं मामा, भरपूर आलं." पाहुणा पोटभर जेवला की यजमानाचं तोंड होतं, तसं त्यांचं झालं.

हे मुंबईला परत गेले. त्यानंतर साहेब आले. होळीला तेही नागपूरला घरी गेले होते. त्यांनी माझा कागद पडवीत पसरला आणि ओणवे होऊन बघत बसले. मग पिशवीतून दुसऱ्या दोन गावांचे कागद काढले, ते चाळले, पुन्हा चाळले. त्या दिवसांचे कागदच नव्हते.

तिथली मशीनं सांभाळणारे दोघेही आमच्यासारखेच इकडचे. एक दाभोळकडचा, दुसरा चिपळूणच्या पलीकडचा. शिमग्याला दोघांनीही मशीनं बंद करून, त्यांवर नीट गोणपाट घालून, आपापलं गाव गाठलं होतं. कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं असतं हे त्यांच्या डोक्यातही आलं नसेल, कारण शिमग्याला माणूस गावी जातो ही काय कोणाला सांगायची गोष्ट आहे?

एका कागदावरून धक्का किती लांब होता ते कळतं, कुठल्या बाजूला ते कळत नाही. रानातून आरोळी ऐकू आली तर ती जवळची की लांबची हे समजतं, पण हाक नक्की कुठून आली ते सांगायला आणखी दोघांनी दोन ठिकाणी ऐकावी लागते. तसंच ते. तीन कागद असले तर जागा सापडणार, एकट्याचा उपयोग नाही. साहेबांनी माझा सुंदर कागद गुंडाळला आणि म्हणाले, "काय करणार बाई. वाया गेलं." मी त्यांना पालखीचं सांगितलं. ते ओशाळले, "अरे, मी असं कुठं म्हटलं होतं," असं दोनदा म्हणाले, आणि ते खरंच होतं. मी इतकी चिडले होते की त्यांना चहासुद्धा विचारला नाही. मामांनी तो अंगणातूनच सांगितला.

मामा कुंपणाला बांबू बांधत होते. जीप गेल्यावर त्यांनी मला हाक मारली. "काय म्हनत व्हता सायब?"

खोटं सांगावं असं वाटलं होतं. पण त्यांनी ऐकलेलं होतं, फक्त नीट समजून घ्यायचं होतं. मी सगळं सांगितलं.

"म्हंजे ती दोघा पन गावाला गेली?"

"हो."

"जातील नाय तर काय. शिमगा हाय." ते थोडा वेळ सुंभाची गाठ आवळत राहिले. मग म्हणाले, "तेंच्याकडे नाचली असंल ना गो पालखी?"

"नाचली असेल मामा."

"मंग बरा झाला," ते म्हणाले. "कोनाची तरी नाचली." आणि पुढचा बांबू उचलायला ते वाकले, तर त्यांना तो उचलवेना. मी उचलून दिला.

पावसाच्या आधी साहेबांनी मशीनं नेली. वाफेवरची वीज काही झाली नाही, कुंडावर माणसं अजूनही फक्त आंघोळीला येतात. मामा त्याच पावसात, गणपतीच्या आधी गेले. पुढच्या शिमग्याला घरात दुखवटा होता म्हणून आमच्या घराने पालखीला खांदा दिला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी यांनी नोकरीची पर्वा न करता गाव गाठलं. समोरच्या घरातल्या काकांनी यांना पालखीखाली घेतलं, पाठीला पाठ लावली आणि शिकवलं. काका बिचारे मनापासून शिकवत होते.

हे आता दर वर्षी पालखी नाचवतात. लोक कौतुक करतात, नवीन पोरं तर "चाल बघायची तर हेंची बघा" म्हणतात. हेही खूश असतात. मी सहाणेजवळ बायकांत उभी राहते आणि यांच्या पायांकडे बघते. पाय आधी उजवा पडतो, दांडी मधूनच खांद्यावर आपटते. आमच्या घरची चाल गेली, हे काकांची नाचतात.