सोफ्याला कांजी

आमच्या सोफ्याला मी कांजी केली आणि ती चांगली बसली. हे आधीच सांगून ठेवतो, कारण हीच हकीगत माझ्या घरातल्या कुणाकडून ऐकलीत तर तुम्हाला भलतंच काहीतरी कळेल.

मी शाळेत तिसरीपर्यंत गेलो. (चौथीच्या वर्गात माझं नाव होतं, मी नव्हतो.) पण कापडातलं मला विचारा. कामतघरच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, जन्म गेला, आधी कारागीर म्हणून आणि मग लूम दुरुस्त करणारा जॉबर म्हणून. कुठली लूम बिघडली ते मी नुसत्या आवाजावरून ओळखायचो. डोळे बांधा, हातात कापड द्या, बोटांनी चाचपून सूत सांगतो. आता लूम सुटली आणि गुडघेही गेले. राहिला तो ताठा आणि सोफ्याचा एक कोपरा.

सोफा व्याह्यांनी दिलेला. व्याही म्हणजे आमच्या मंगेशचे सासरे, खारबावचे बाळारामशेठ. आम्ही चाळीतून तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा त्यांनी तो टेम्पोत घालून पाठवला. राखाडी, कापडी, आणि बसलं की माणूस अर्धा आत गडप! पहिल्या दिवशी मला तो अजिबात आवडला नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याचा खिडकीकडचा कोपरा धरला, तो धरलाच. डोक्यावर पंखा, खाली सगळा रस्ता, कोण कुठे चाललं, कुणाच्या रिक्षात काय भरलं, सगळं बसल्या जागी.

एक दिवस सूनबाई रोहिणी माझ्यासमोर उभी राहिली आणि नाकाला पदर लावून म्हणाली, "आप्पा, सोफ्याला वास येतो."

"कापड आहे. कापडाला वास असतोच."

"असा नसतो. आणि तुमच्याच कोपऱ्यात येतो. गुडघ्याच्या तेलाचा."

हे तेल मी स्वतः कढवतो. लसूण, ओवा, मोहरीचं तेल आणि आणखी एक वस्तू आहे, ती मी कुणाला सांगत नाही. (हिंग आहे.)

"तेल औषधी आहे," मी म्हणालो. "वास आतल्या फोमचा आहे. तुझ्या बाबांना दुकानदारानं फसवलं."

आतून माझी बायको हिराबाई बोलली, "घ्या! आता व्याह्यांपतुर पोचले."

रोहिणी शांत मुलगी आहे. ती ओरडत नाही, म्हणून जास्त भीती वाटते. ती म्हणाली, "रविवारी बाबा येणार आहेत. तोवर वास गेला तर कोपरा तुमचा, तेलासकट. नाही गेला तर बाल्कनीतली खुर्ची तुमची."

बाल्कनीतली खुर्ची म्हणजे लाल प्लास्टिकची, एक पाय वाकडा असलेली. तिच्यावर बसून आम्ही चपला घालतो. जन्मभर तिच्यावर बसायचं? मी म्हणालो, "वास मी काढतो. एकटा. कुणी हात लावायचा नाही."

तेवढ्यात मंगेश वळ गावच्या गोदामातली ड्युटी संपवून घरात आला. "काय चाललंय?"

हिरा म्हणाली, "तुजा बा सोफा धुनार हाय."

"मला ओव्हरटाइम आहे," असं म्हणून तो आल्या पावली परत गेला.

रोहिणीनं मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. एक बाई बाटलीत व्हिनेगर, सोडा आणि भांड्याचा साबण घालून सोफ्यावर फुसफुस करत होती. फवारायचं आणि फडक्यानं पुसायचं. मी विचारलं, "ही सोफा धुते की सोफ्याची पूजा करते?" आणि माझं औषध मी घरच्या वस्तूंतून केलं. बादलीभर पाण्यात उकळलेले रिठे, कडुनिंबाचा पाला, कापूर घातला आणि भरपूर लिंबू पिळलं. मग खायचा सोडा घातला, सगळा पुडा. बादलीनं असा फेस धरला की तो काठावरून उतरला, मोरी ओलांडून गेला आणि स्वयंपाकघरात शिरला.

"आवो, उतू चाललंय!"

"ताकद आहे त्याच्यात," मी म्हणालो आणि बादली उचलून सोफ्याकडे धावलो. (धावलो म्हणजे माझ्या गुडघ्यांच्या मानानं.)

एक तांब्या ओतला, सोफ्यानं पिऊन टाकला. दुसरा ओतला, तोही गेला. तिसऱ्यालाही वर ओल दिसेना. बादली संपली, मी दुसरी आणली. कपड्याच्या ब्रशनं घासून काढलं, मग कोपऱ्यावर दोन्ही हातांनी जोर दिला, तेव्हा कुठे खालून पाणी आलं. पाणी कुठल्या रंगाचं होतं ते मी सांगणार नाही. रोहिणीनं ते पाहिलं आणि मग माझ्या तेलाच्या बाटलीकडे पाहिलं, एवढं पुरे.

ते पाणी बाल्कनीतून खाली उतरलं. खाली आमचा रफिक राहतो. लूमवर माझ्या शेजारच्या मशीनवर होता. तो वर आला, डोक्यावर कडुनिंबाची दोन पानं.

"चाचा, टंकी फट गई क्या?"

"नहीं रे, सोफा धोया."

"अंदर तक?"

"मैं आधा काम नहीं करता."

वास गेला होता. ही गोष्ट खरी आणि ती रोहिणीनंही मान्य केली. पण सोफा सुकेना. वर आभाळ भरलेलं, हवेत दमटपणा, पंख्याचा वारा सोफ्याला लागतच नव्हता. आणि मला घरात बसायला जागा नाही! पलंगावर टेकलो तर तिथे घडीच्या कपड्यांचा ढीग. स्वयंपाकघरात गेलो तर हिरानं लाटण्यानं बाहेरचा रस्ता दाखवला. बाल्कनीत ती लाल खुर्ची होती, पण मुदतीआधी तिच्यावर बसलो असतो तर हरलो असं झालं असतं. म्हणून मी उभाच. सोफा दाबायचा, खाली रफिककडे जायचं, चहा प्यायचा, वर यायचं, पुन्हा सोफा दाबायचा. जिना चढून चढून गुडघे बोलायला लागले आणि तेल लावायची चोरी.

शुक्रवारी वरचं कापड कसंबसं सुकलं. पण त्याची दशा बघवेना. जागोजागी फुगे, सुरकुत्या, सगळं ढिलं. दुसऱ्या कुणी सोडून दिलं असतं. मी लूमवाला. ढिलं कापड बघितलं की माझे हात आपोआप ते ताणायला जातात. आमच्यात ताण्याचं, म्हणजे उभं सूत लूमवर चढवण्याआधी त्याला कांजी पाजतात, म्हणजे ते ताठ राहतं, तुटत नाही. ताठ करायचं तर कांजी, यात विचार कसला करायचा?

खाली रफिकला सांगितलं. तो म्हणाला, "करनाही है, तो पतली रखना चाचा."

पातळ कांजीपायी तुटलेल्या सुताच्या तारा मी जन्मभर जोडत आलो. मी घट्ट केली. डब्यात साबुदाणा होता, तो पातेल्यात शिजवून खळीसारखा चिकट केला आणि सोफ्याला हातानं माखला. पाठीला, बैठकीला, हातांना. जो कोपरा माझा, त्याला दोनदा.

हिरा बाजारातून आली. डबा उघडला, पालथा केला.

"उंद्या माजी चतुर्थी. साबुदाना कुटं हाय?"

"सोफ्याला घातला."

ती बाहेर आली. सोफ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "का? सोफ्याचा बी उपास हाय?"

शनिवारी ऊन पडलं. खिडकीतून सरळ सोफ्यावर आलं आणि दिवसभर तिथंच राहिलं. संध्याकाळी रोहिणीच्या हातून मोबाइल सोफ्यावर पडला. ठक्क झालं.

ती वाकली. बोटाच्या सांध्यानं सोफ्यावर वाजवून पाहिलं. टक टक.

आतल्या खोलीतून मंगेश म्हणाला, "दार वाजतंय, बघा कोण आहे."

मी म्हणालो, "कांजी चांगली बसली." बसून दाखवलं. पापडाच्या चळतीवर बसल्यासारखा आवाज झाला आणि मी आत न जाता वरच राहिलो. रोहिणी हसली नाही. हळूच म्हणाली, "आप्पा, बाबांनी हौसेनं दिला होता हो. उद्या त्यांना काय सांगू?"

मी उठलो आणि लाटणं घेऊन सोफा कुटायला लागलो. एक पोपडा उडाला आणि माझ्याच कपाळाला लागला. मग लाटणं ठेवून दिलं. रात्री हिरानं मला वरण जरा पातळच वाढलं.

रविवारी सकाळपासून मी दार ते खिडकी, खिडकी ते दार. शेवटी बाळारामशेठ आले. अंगानं भक्कम माणूस, हातात पिशवी, पिशवीत खाडीचा मासा, जिताडं, आणि सदऱ्यावरून कमरेला आवळलेला रुंद पट्टा. जिने चढून दमले होते. मी "व्याही, जरा जपून..." म्हणेपर्यंत त्यांनी सोफ्यावर अंग टाकलं. माझ्याच कोपऱ्यात. मऊ सोफ्यावर टाकतात तसं, भरवशानं.

ठाण्णकन आवाज झाला. खाली रफिकचं भांडं पडलं असावं.

व्याह्यांनी तळहातानं सोफा चाचपला. मग मुठीनं ठोकला.

"ह्यो असा कुनी केला?"

मी ताबडतोब म्हणालो, "रोहिणीनं मोबाइलवर काहीतरी बघितलं होतं..."

"झकास केलाय," व्याही म्हणाले. "डाक्टर रोज सांगतो, कडक जागंवं बसा. घरात समद्या गाद्या. मागं हितं बसलो तं मला उठवाया दोन मानसं लागलेली."

"मी केला," मी म्हणालो. "पूर्ण मी. एकट्यानं."

रोहिणीनं माझ्याकडे पाहिलं. तो मुद्दा आमच्या घरात अजून संपलेला नाही.

व्याह्यांनी नाक वर करून हुंगलं. "साबुदान्याचा वास येतोय. खिचडी टाकली काय?"

"न्हाय," हिरा म्हणाली, "तुमी बसलाव ना, तीच ती."

ते एवढे हसले की कमरेत कळ आली. झालं. ओय ओय सुरू. मग आमची हिरा, जिला माझ्या तेलाचा वास लग्नापासून सोसवत नाही, ती म्हणाली, "ह्यांच्याकडं तेल हाय ना. लय गुनकारी."

व्याही एका दिवसासाठी आले होते. आता कंबर बरी होईपर्यंत राहणार आहेत. पैज मी जिंकलो, यात शंका नाही, रोहिणीनं सगळ्यांसमोर कबूल केलं. पण पाहुण्याला उठा कसं म्हणायचं? ते दिवसभर माझ्या कोपऱ्यात, माझ्या पंख्याखाली, माझ्या कांजीवर ताठ बसतात आणि खाली माझा रस्ता बघतात. सकाळ-संध्याकाळ रोहिणी त्यांच्या कमरेला माझंच तेल चोळते. परवा मी तिला मुद्दाम विचारलं, "काय गं, आता वास येत नाही?"

"वास कसला आप्पा?" ती म्हणाली. "औषध आहे ते."

हे सगळं मी बाल्कनीत लाल खुर्चीवर बसून लिहितो आहे. तिचा तो वाकडा पाय बसल्या बसल्या जास्तच वाकतो. आणि तुम्ही सुचवायच्या आधीच सांगतो, प्लास्टिकला कांजी धरत नाही. करून बघितली.