मांजरीवर धुरळणी

माझ्या सासऱ्यांचं शेतीऔषधांचं दुकान होतं. कीड कुठलीही असो, तिचं औषध आपल्याच दुकानात आहे असं त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं. ज्वारीवरची असो, कणगीतली असो, नाहीतर मांजरीच्या अंगावरची. हे शेवटचं मी डोळ्यांनी पाहिलं. लिहून आता मांजरी उठून बसणार नाही, ते मला कळतं. पण इतकी वर्षं गिळून गिळून घसा दुखायला लागलाय.

सोलापुरात पेठेच्या मागच्या बोळात घर. पुढं दुकान, मध्ये गोदामाची खोली, मागं आम्ही. दुष्काळ नुकताच सरला होता आणि संकरित बियाणं, खतं, फवारण्या यांचा जोर सुरू झाला होता. त्यातच मी मंद्रूपहून लग्न होऊन आले. त्या घरात सगळ्याला पावडरीचा वास यायचा. चहाला, भाकरीला, दांडीवरच्या धुतलेल्या लुगड्याला. सुरुवातीला मला घास उतरायचा नाही. सासूबाई म्हणायच्या, होईल सवय. झाली मेली सवय.

घर शिवभक्तांचं. अंडं तर सोडाच, पायाखाली मुंगी आली तरी सासूबाई ‘शिवा शिवा’ म्हणून पाय उचलायच्या. आणि पलीकडच्या खोलीत छतापर्यंत विषाची पोती. मी एकदा आमच्या यांना म्हटलं, हे काय गणित आहे? यांनी पेपरातून मान वर न काढता विचारलं, मग खायचं काय? तेही खरंच होतं म्हणा.

बियाण्याच्या पोत्यांना उंदीर लागायचे, म्हणून मांजरी. तिला कुणी आणलं नव्हतं, ती आपणहून आली आणि राहिली. पांढरी, पाठीवर काळे डाग, एक कान फाटलेला. सासऱ्यांना ती चालायची, कारण राखण फुकट होत होती. मला ती आवडायची, त्याला कारण वेगळं. दुपारी सगळे आडवे झाले की ती चुलीपाशी यायची आणि माझ्या पायाला अंग लावून बसायची. त्या घरात मला हाक यायची ती कामासाठी. ती एकटी उगीच यायची.

उन्हाळ्यात ती व्याली. गोदामाच्या कोपऱ्यात रिकाम्या पोत्यांवर तीन पिल्लं. आणि पाठोपाठ पिसवा. आधी तिच्या मानेवर दिसल्या, मग पोत्यांवर, मग आमच्या अंथरुणात. सकाळी उठावं तर घोट्यांवर लाल गांधी. सासूबाई दिवसभर पाय खाजवायच्या आणि माझ्याकडे बघायच्या, पिसवा मी हुंड्यात आणल्यासारख्या.

मग सल्ले सुरू झाले. सल्ल्याला काय, जो तो हुशार. समोरच्या घरातल्या काकू म्हणाल्या, रॉकेलचा बोळा फिरव, एक पिसू राहणार नाही. शेजारी तेलुगू बायका विड्या वळत बसायच्या. त्यातल्या एकीनं प्रेमानं तंबाखूचा चुरा कागदात बांधून दिला, उकळून पाणी लाव म्हणाली. आणखी कुणी म्हणालं, फिनेलच्या पाण्यानं आंघोळ घाल. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण मांजर दिवसभर स्वतःला चाटत असतं, त्याच्या अंगाला जे लावाल ते त्याच्या पोटात जातं, एवढी साधी गोष्ट कुणाच्या ध्यानात येत नव्हती. म्हशीला चालतं, कुत्र्याला चालतं, म्हणजे हिला चाललंच पाहिजे, असा सगळ्यांचा हिशेब.

माझ्या माहेरी मांजरं होती. आईची पद्धत मला पाठ होती. डोक्यातल्या उवा काढायची बारीक दातांची फणी घ्यायची, मांजर मांडीवर घ्यायचं आणि मानेपासून शेपटीपर्यंत विंचरायचं. फणीत सापडलेली पिसू साबणाच्या गरम पाण्यात बुडवायची, नाहीतर ती उडी मारून परत अंगावर. मांजर झोपतं ती फडकी उकळायची, पोती उन्हात टाकायची, कोपरे रोज झाडायचे. आई म्हणायची, पिसू मांजरावर जेवते आणि जमिनीत अंडी-पिल्लं वाढवते, तेव्हा मांजर धुवून भागत नाही, घर झाडावं लागतं. वेळ लागतो, पण कुणी मरत नाही.

मी ते करायला लागले. स्वैपाक आवरला की फणी घेऊन बसायचे. मांजरी आधी गुरगुरली, मग मान लांब करून पडून राहायला लागली. गांधी कमी व्हायला लागल्या होत्या. खोटं नाही सांगत, निम्म्याहून जास्त फरक पडला होता. गोदामातली पोती तेवढी बाहेर काढायची होती, आणि ती मला एकटीला उचलत नव्हती. यांना म्हटलं, एक दिवस हात लावा. हे म्हणाले, बघू.

आणि मग ते पूजेचं झालं.

सासूबाई रोज सकाळी इष्टलिंगाची पूजा करायच्या. गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची, बेल वाहायचा आणि नजर लिंगावर लावून बसायचं. त्या वेळी माणसानं हलायचं नसतं. त्या दिवशी नेमकी त्यांच्या मांडीला पिसू चावली. एकदा चावली, त्यांनी सोसलं. पुन्हा चावली तसा हात हिसकला आणि लिंग खाली पडलं. सासूबाई पांढऱ्याफटक झाल्या. आमच्यात लिंग हातातून पडणं ही साधी गोष्ट नाही. त्या रडायलाच लागल्या. जंगमांना, म्हणजे आमच्या गुरूंना, बोलावणं गेलं, शुद्धीचं काय ते झालं, सासूबाई दिवसभर उपाशी. मलाही वाईट वाटलं. त्या बाईचं रडणं खरं होतं.

पण संध्याकाळी सासरे दुकानातून आत आले ते ठरवूनच. म्हणाले, घरात पिसवा आहेत आणि मी औषधवाला, लोक तोंडात शेण घालतील. उद्या हिच्यावर धुरळणी करतो. धुरळणी म्हणजे, ज्वारीवर कीड पडली की शेतकरी पावडर पातळ फडक्यात बांधतात आणि ती पुरचुंडी पिकावरून झटकत जातात, ती.

मी पदर सावरून दारात उभी होते. मी म्हटलं, मामा, ती चाटेल. पिल्लं पाजतीय. मला आणखी आठ दिवस द्या, फणीनं जातायत पिसवा. ते हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. मला विचारलं, शाळा कितवी? मी म्हटलं, मॅट्रिक. ते यांच्याकडे वळून म्हणाले, ऐकलं का, तालुक्याचे शेतकरी मला विचारून औषध मारतात आणि मला मॅट्रिकवाली शिकवतीय. मी म्हटलं, निदान जनावरांच्या दवाखान्यात विचारून येऊ दे. त्यावर सासूबाई आतूनच कानडीत म्हणाल्या, सुम्म कूड. म्हणजे गप्प बस. वर म्हणाल्या, मांजर काखेत मारून सून दवाखान्यात चालली, एवढंच पेठेत बघायचं राहिलं होतं.

आणि आमचे हे? मूग गिळून बसले. त्यांना कळत होतं. कॉलेजात शास्त्र शिकले होते की! नखाएवढं काही न कळणारा माणूस गप्प बसला तर मी समजू शकते.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर सासऱ्यांनी पुरचुंडी बांधली. एक गोष्ट मी तेव्हा पाहिली आणि ती मला अजून जगू देत नाही. त्यांनी उजव्या हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधली. नाकावर उपरणं घेतलं. गिऱ्हाइकाला पावडर देताना ते रोज हेच सांगायचे, हात झाकून मार, विडी ओढू नको, साबणानं हात धुतल्याबिगर भाकरीला शिवू नको. म्हणजे माणसाला सगळं माहीत होतं! यांनी मांजरी धरली. सासऱ्यांनी पाठीवर, पोटावर, मानेवर झटक झटक पावडर मारली आणि उरलेली पोत्यांवर, पिल्लांच्या अंगावर. मग पिशवी फेकली, साबणानं कोपरापर्यंत हात धुतले आणि झोपायला गेले.

मांजरी सुटली तशी कोपऱ्यात जाऊन बसली आणि तिनं पहिलं काम केलं ते चाटायचं. आधी स्वतःला, मग पिल्लांना. मी ओल्या फडक्यानं पुसायला धावले, तर तिनं मला ओरबाडलं. तिचा माझ्यावर विश्वास राहिला नव्हता, आणि का राहावा? मी दूध पुढं केलं, तिकडे बघेना. थोड्या वेळानं तिच्या तोंडाला फेस आला. कान थरथरायला लागले, मग सगळं अंग. उभी राहायची आणि मागचे पाय फाकून पडायची. आता ती ओरबाडतही नव्हती. मी तिला उचलून मोरीत नेलं, कोमट पाण्यानं आणि साबणानं धुतलं, पुन्हा धुतलं, सुती लुगड्यात गुंडाळलं. पिल्लंही धुतली. यांना उठवलं आणि म्हटलं, टांगा बोलवा, दवाखान्यात नेऊ. हे डोळे चोळत म्हणाले, बाबा उठू देत, मग बघू.

बाबा उठले. त्यांनी लांबूनच बघितलं आणि म्हणाले, चढलंय थोडं, उतरेल. चहा मागितला. मी चहा केला. हो, केला. त्या घरात माझ्या हातून चहा थांबला असा एकही दिवस गेला नाही. दिवेलागणीला मांजरीला मोठा झटका आला आणि ती माझ्या मांडीवर गेली. तिच्या मागं सकाळपर्यंत दोन पिल्लं गेली. पाठीवर मेलेल्या पिसवा होत्या, तेवढ्यापुरतं औषध गुणाचं निघालं.

घरात कुणी वाईट बोललं नाही. सासूबाईंनी ‘शिवा शिवा’ म्हटलं. सासरे म्हणाले, बाळंतीण होती, अशक्त होती, तिच्यात दमच नव्हता. असं दोनदा म्हणाले, म्हणजे त्यांना ते पटलं. हे गोणपाटात गुंडाळून पुरून आले आणि हात धुऊन जेवायला बसले. मला कुणी विचारलं नाही, तू जेवलीस का.

एक पिल्लू उरलं होतं. बोळ्यानं दूध पाजत होते मी त्याला, चुलीच्या उबेला ठेवून. चार दिवस गेले, त्यानं डोळे नीट उघडले, अंग धरायला लागलं. आणि त्याच्या मानेवर पिसू दिसली. गोदामातली पोती कुणी हलवलीच नव्हती ना, मग पिसवा जातील कुठं? सासऱ्यांनी ती पाहिली. ते म्हणाले, ह्याला चिमूटभर लावू, लहान आहे, कमी लावायचं. आणि खरंच पिशवी शोधायला लागले.

मी पिल्लू पदरात घेतलं आणि उभी राहिले. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, मधलं दार उघडं होतं, हे मला दिसत होतं. तरी मी मोठ्यानंच म्हटलं.

“ह्याला हात लावायचा न्हाय, मामा. तुमी हाताला पिशवी बांधता की! त्यानं जिभंला काय बांधायचं?”

गिऱ्हाइकं खाली बघायला लागली. सासरे दुकानात निघून गेले. पावडर लागली नाही. पण दोन दिवसांत माझ्या वडिलांना मंद्रूपहून बोलावून घेतलं. ते बैठकीत टोपी मांडीवर ठेवून बसले होते. सासरे त्यांना सांगत होते की पोरीला वळण नाही, चार लोकांत सासऱ्याची लाज काढली. मांजरीचं नाव त्यात नव्हतंच. वडिलांनी सगळं ऐकलं आणि हात जोडले. म्हणाले, चुकली पोर, पदरात घ्या. मग मला आत येऊन हळूच म्हणाले, मांजरापायी कोण असं करतं का? त्यांच्या घरी आयुष्यभर फणीनं मांजरं विंचरली होती, आणि ते असं म्हणाले. मी त्यांच्याही पाया पडले आणि सासऱ्यांच्याही.

पिल्लू जगलं. पोती मीच ओढत बाहेर काढली, एकेक, कंबर मोडेपर्यंत. उन्हात टाकली, खोली झाडली, गरम पाणी ओतलं. रोज विंचरलं. महिन्याभरात घरात पिसू औषधालाही उरली नाही. सासूबाई पूजेला निवांत बसायला लागल्या. सासरे गिऱ्हाइकांना सांगायचे, बघा, धुरळणीचा गुण, एका हातात घर साफ.

पुढं पुष्कळ वर्षांनी सासरे गेले, तेव्हा घर बायकांनी भरलं होतं. मी डोळे पुसत सगळ्यांना पाणी देत होते. कुणाला तरी जुनं आठवलं, आणि एक म्हणाली, हीच ना ती सून, मांजरासाठी सासऱ्याला उलट बोलली होती? दुसरी म्हणाली, हो की, भर दुकानात. मग त्या सगळ्यांनी मिळून ते पुन्हा सांगितलं. मी कशी उभी होते, काय बोलले, माझे वडील कसे हात जोडून बसले होते. सगळं बारीकसारीक त्यांना ठाऊक होतं. मी ताटकळत उभी होते, आता तरी कुणी विचारेल म्हणून. मांजरी कशानं मेली, हे त्यांतल्या एकीनंही विचारलं नाही.