नीलूची ओटी

नीलूला मीच परत पाठवलं.

ती गेली, त्याला आज वर्ष झालं. तिचे फोटो टाकून "मिस यू" लिहिणाऱ्यांत मीही होते. हे वाक्य मात्र कधी लिहिलं नाही.

भर दुपारी ती नागपुरात, धरमपेठेत, माझ्या दारात उभी राहिली. हातात छोटी बॅग.
कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांची नक्कल करून अख्ख्या वर्गाला हसवणारी आमची नीलू.

"आठ दिवस राहू दे गं. कुणाला सांगू नकोस."

मी चहा ठेवला. आणि गॅलरीत जाऊन तिच्या नवऱ्याला फोन केला.
काळजी करत असेल बिचारा, म्हणून!

मला काय माहीत नव्हतं?
त्याचे वडील त्याच्या आईवर हात उचलायचे, हे लग्नाआधीच ऐकलं होतं. धंदा बसल्यापासून त्याचं पिणं वाढलं होतं. ती मुख्याध्यापिका झाली, तेव्हा सत्काराला तो आलाच नाही.
तिचा मोबाईल नेहमी तोच उचलायचा. त्यावर तर मी म्हणाले होते, "किती जपतो गं तुला!"

सगळं सुटं सुटं माहीत होतं. एकत्र करून कधी पाहिलं नाही.
या वयात, आपल्यासारख्यांच्या घरी, असं होत नसतं ना.

तासाभरात तो आला. इस्त्रीचा शर्ट, हातात संत्रा बर्फी.
"आमच्या मॅडम रुसल्या वाटतं! वहिनी, तुम्हाला उगाच त्रास."

 नीलू फक्त माझ्याकडे बघत राहिली.

सवाष्णीला रिकाम्या ओटीने पाठवू नये. मी नारळ आणि ब्लाउजपीस काढायला आत गेले.
माझ्याकडे कामाला येणाऱ्या कुंदाबाईने मला तिथेच अडवलं.

"काहून पाठवून राहिल्या बाई तिले? तिचं मनगट पाहा ना!"

"नवरा-बायकोचं आहे, कुंदाबाई. ते बघतील."

"माझ्या मायनं बी असीच ओटी भरून धाडलं होतं मले."

मी ओटी भरली.
ओटीतले तांदळाचे चार दाणे ताटात परत टाकायचे, म्हणजे माहेरवाशीण पुन्हा येते. नीलूने टाकले.

सतराव्या दिवशी फोन आला. जिन्यावरून पडून गेली, म्हणाले.

आता माझ्या मागच्या खोलीत अंथरूण घातलेलं असतं. किल्ली कुंदाबाईकडेही आहे.

मैत्रिणींनो, ही पोस्ट लाईक करायची भीती वाटत असेल, तर करू नका.
सरळ या. मी कुणालाही फोन करणार नाही.

नीलू, तू फक्त आठ दिवस मागितले होतेस.
माफ कर गं.